तुझं आडनाव, सांद्रो

सांद्रो, त्या दिवशी तू तोंडली आणायला गेला होतास. रविवार होता. आपली मीरा कबड्डीच्या प्रॅक्टिसहून येऊन अंघोळीला गेली होती, मी कुकर लावत होते, आणि तू पिशवी हलवत जिन्यातून ओरडलास, "तोंडली की गवार?" मी म्हणाले, "काहीही आण, पण कोवळी बघून आण." आपलं शेवटचं बोलणं एवढंच. भेटायला येणाऱ्यांना हे सांगितलं की ते माझ्याकडे बघत राहतात. त्यांना वाटतं, मी काहीतरी मोठं लपवतेय.

थोड्या वेळानं तुझ्या मोबाईलवरून फोन आला, पण आवाज तुझा नव्हता. मार्केटमधला भाजीवाला होता. मला धीर द्यावा म्हणून बिचारा अगदी सावकाश म्हणाला, "ताई, घाबरू नका. काही झालेलं नाही. साहेब नुसते पडलेत."

अपघात झाला म्हणाला असता, रिक्षानं उडवलं म्हणाला असता, तर मी तशीच धावत सुटले असते. 'पडलेत' म्हटल्यावर मात्र मी ओट्याला धरून उभी राहिले. मीरा टॉवेल गुंडाळलेल्या डोक्यानं बाहेर आली आणि म्हणाली, "काय झालं? कोणाचा फोन?" मला तिला सांगता येईना. तो शब्द तुला आणि मला दोघांनाच माहीत होता. तुझ्या आडनावाच्या मागोमाग तो आपल्या घरात आला होता.

आपली ओळखसुद्धा त्या आडनावावरूनच झाली, आठवतं? तळोज्याच्या औषधांच्या कंपनीत मी परचेसला होते. गोळ्यांची पाकिटं बांधणारं मशीन इटलीहून आलं आणि ते बसवायला तू आलास. गेटवरच्या वॉचमनला तुझं नाव लिहिता येईना. त्यानं पासावर 'डिओ लाईट' लिहिलं आणि तू पहिले काही दिवस छातीवर तो पास लावून हिंडलास. शेवटी मीच तुला विचारलं, नाव नक्की म्हणायचं कसं? तू शाळेत शिकवल्यासारखं म्हणालास, "दि-ओ-ला-इ-ती. जोर 'ला'वर." मी अर्थ विचारला, कारण आमच्याकडे आडनाव म्हटलं की त्याच्यामागे गाव असतं, नाहीतर काम असतं. तू म्हणालास, "देव त्याला मदत करो."

मला हसू आलं. "हे आडनाव आहे की आशीर्वाद?"

तू हसला नाहीस. म्हणालास, "तेच मला माहीत नाही."

पुढे हळूहळू कळत गेलं. तुझ्या घराची आठवण आजोबांपाशी येऊन थांबायची. आजोबा बोलोन्याजवळच्या डोंगरात एका अनाथाश्रमात वाढले. त्यांच्या मागे कोण, हे कुणालाच ठाऊक नाही. तू लहान असताना शाळेतल्या मास्तरांनी भर वर्गात सांगितलं की असली नावं दारात टाकून दिलेल्या पोरांना देत. देव त्याला मदत करो, कारण दुसरं कोण करणार? सगळी पोरं तुझ्याकडे वळून बघायला लागली. तू रडत घरी गेलास. मग गावातल्या म्हाताऱ्या पाद्रीबाबांनी तुला जवळ बसवून दुसरी गोष्ट सांगितली. फार जुन्या काळी पुष्कळ वाट बघून झालेल्या, नाहीतर अशक्त जन्मलेल्या बाळाला आईबाप हेच नाव ठेवायचे. बाळ जगलं, मोठं झालं, त्याला मुलं झाली, की ते नाव त्या घराचं आडनाव व्हायचं. दिओलाइती फार नाहीत, ते म्हणाले, पण जे आहेत ते बहुतेक आपल्याच भागात आहेत. कोण जाणे, सगळे एकाच बाळाचे असतील.

टाकलेलं पोर की नवसाचं पोर. एवढ्या एका प्रश्नावर तू आयुष्य काढलंस.

आणि लग्न केलंस कुठे, तर घणसोलीच्या म्हात्र्यांच्या घरात. आमच्या गावात म्हात्रे आणि पाटील सोडून तिसरं आडनाव शोधावं लागतं. आईला तुझं नाव कधीच आलं नाही. सांद्रोचा तिनं पहिल्याच दिवशी चंद्रू केला आणि आडनावाचा विषयच संपवला. "मना नाय येत तो बोलाया. म्हात्र्यांचा जावई हाय, बस झाला. अजून नाव कशाला पायजे?" तुला ते इतकं आवडलं की फोनवर स्वतःची ओळख तू 'चंद्रू म्हात्रे' म्हणून करून द्यायला लागलास. गॅसवाला अजून त्याच नावानं हाक मारतो. परवा त्यानं विचारलं, "म्हात्रे साहेब गावाला गेले का?" मी हो म्हणाले.

पण गंमत संपली की तू पुन्हा तिथेच यायचास. हळदीच्या मांडवात आमचे शेकडो म्हात्रे जमले की तू कोपऱ्यात आईशेजारी खुर्ची टाकून बसायचास आणि ती तुला सांगायची, हा त्याचा चुलतभाऊ, तो हिचा मावसा, ह्या दोघांचा जमिनीवरून भांडन हाय पन लग्नाला दोघं येतात. तू लहान पोरासारखा ऐकायचास. एकदा घरी परतताना म्हणालास, "तुमच्यात कुणी हरवलं तरी लगेच दुसरा कुणीतरी त्याला घरी घेऊन जातो. नवी मुंबईत दिओलाइतींचं घर एकच आहे. इथे मी हरवलो तर कोण ओळखणार?" मी म्हणाले, "मी ओळखेन." तू म्हणालास, "तू म्हात्रे आहेस." मस्करी होती. पण मला लागलं होतं ते. आज सांगते.

मीरा मोठी झाली तसा तुझा शोध वाढला. मोबाईलवर तू जगभरातले दिओलाइती हुडकून काढायला लागलास. कुणी डॉक्टर, कुणी न्हावी, कुणी पार अर्जेंटिनात. सगळ्यांना तू तोच निरोप पाठवायचास: माझे आजोबा अमक्या अनाथाश्रमात वाढले, तुमच्या घरात कुणी असं हरवलेलं आहे का? बहुतेकांनी उत्तरच दिलं नाही. कुणी नुसता अंगठा पाठवला. आणि मग लिदिया भेटली.

लिदिया त्याच डोंगरातली, शाळेतून निवृत्त झालेली बाई. तिचा व्हिडिओ कॉल आला तेव्हा तू जेवता जेवता उठलास आणि हातही न धुता बोलत बसलास. तुमचं इटालियन मला अर्धंच कळायचं, पण तुझा चेहरा कळत होता. ती सांगत होती की तिच्या आजोबांचा एक धाकटा भाऊ आईबाप गेल्यावर आश्रमात ठेवला होता आणि पुन्हा त्याचा पत्ता लागला नाही. तू माझ्याकडे बघून मराठीत ओरडलास, "माणसं मिळाली!" मीरा नाचत मैत्रिणीला फोन करायला आत पळाली. मीही टाळ्या वाजवल्या.

मग लिदियानं विचारलं, "तुझे वडील कसे गेले?"

तू म्हणालास, चेरीच्या झाडाला शिडी लावून चढले होते, शिडी सरकली.

मग तिनं हळू विचारलं, "शिडी सरकलेली कुणी बघितली होती?"

त्यानंतर ती बरंच बोलली, ते तू मला नंतर मराठीत सांगितलंस. तिचा एक भाऊ सायकलवरून पडला होता. काका फुटबॉलच्या मैदानावर पडला होता. आधीच्या पिढीत कुणी शेतात, कुणी चर्चच्या पायरीवर. सगळे धडधाकट, कुणी म्हातारा नव्हता. "आमच्या घरात माणसं पडतात," ती म्हणाली. "आम्हाला वाटायचं नशीब. भाऊ गेल्यावर डॉक्टरांनी सगळ्यांना तपासलं. हृदयाच्या स्नायूतच दोष आहे, आईबापाकडून पोरांकडे जाणारा. कळत नाही काही. एक दिवस ठोके बिघडतात आणि माणूस पडतो." तिलाही तो निघाला होता. तिच्या छातीत यंत्र बसवलं होतं. "तू तपासून घे," ती म्हणाली. "आणि मुलीलाही."



तुला आठवतात आपली भांडणं? बाहेरच्या कुणी ऐकली असती तर हसलं असतं. मी सांगायची, तुझे आजोबा टाकलेलं पोर होते, मास्तर बरोबर होते. नाव आश्रमानं दिलं, रक्ताचा काही संबंध नाही, लिदियाच्या घरचं दुखणं तिच्या घरी. अरे, घणसोलीत एवढे म्हात्रे आहेत, एकाला मधुमेह झाला म्हणून सगळ्यांना होतो का? आणि तू टेबलावर हात आपटायचास, "माझे आजोबा त्यांचेच होते! तू माझ्याकडून माझी माणसं काढून घेऊ नकोस!" मग मी म्हणायची, ठीक आहे, तुझीच माणसं, तर उद्या तपासून ये. की तू लगेच शांत व्हायचास. "नाव एक म्हणून रक्त एक असं थोडंच असतं? तूच म्हणतेस ना."

मला तुझा राग यायचा. वाटायचं, याला नाती हवीत पण त्यांची किंमत नको. मी अपॉइंटमेंट घ्यायची आणि तू मशीन बंद पडलं म्हणून तळोज्याला पळायचास. मीराचं नाव काढलं की तू म्हणायचास, "तिच्या डोक्यात हे भरू नकोस. तिची मॅच आहे." तिची मॅच कायमच असायची. मी गप्प बसायला शिकले, पण नजर ठेवायला लागले. तू जिना चढलास की धाप लागली का बघायची. बाथरूममध्ये जास्त वेळ झाला की काहीतरी कारण काढून दार वाजवायची. तू आतून ओरडायचास, "जिवंत आहे!" आणि हसायचास. मला नाही हसू आलं कधी.

हॉस्पिटलमध्ये त्यांनी सांगितलं, हार्ट अटॅक. कॅज्युअल्टीतला डॉक्टर तरुण होता, रात्रपाळी करून थकलेला. या वयात होतं असं, टेन्शन, खाणंपिणं, तो म्हणाला. सगळ्यांना ते पटलं. मलाही पटवून घ्यायचं होतं, सांद्रो. अटॅक म्हणजे तुझ्यापुरतं. तू गेलास तिथे ते संपलं. दुसरं काही असेल तर ते मीरापर्यंत येत होतं. ती बाहेर बाकावर तुझी भाजीची पिशवी मांडीवर घेऊन बसली होती आणि माझी तिच्याकडे बघायची हिंमत होत नव्हती.

तुला गावच्या स्मशानात अग्नी दिला. आईचा हट्ट होता, म्हात्र्यांचा जावई म्हात्र्यांच्यातच जाईल. तूही कधीतरी तसंच म्हणाला होतास, म्हणून मी ऐकलं.

दिवसकार्य झाल्यावर मी मीराला घेऊन हृदयाच्या मोठ्या डॉक्टरांकडे गेले. बाई होत्या, शांत. मी लिदियाचं सगळं सांगितलं. सांगताना मला स्वतःलाच वेड्यासारखं वाटत होतं. इटलीतली एक बाई, आडनाव सारखं आहे, तिच्याकडे माणसं पडतात. कुठला डॉक्टर ऐकेल? पण त्यांनी पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "हे आडनाव तिकडे कॉमन आहे का?"

मी म्हणाले, "नाही. फार थोडे आहेत."

"मग बरं झालं सांगितलंत," त्या म्हणाल्या. "पाटील किंवा शहा असतं तर मी यावर फार विसंबले नसते." त्यांनी लिदियाचे रिपोर्ट मागवायला सांगितले, मीराचं रक्त घेतलं, हृदयाचे फोटो काढले, छातीला तारा लावून ठोके मोजायचं मशीन घरी दिलं. आणि मीराकडे वळून म्हणाल्या, "उत्तर येईपर्यंत खेळायचं नाही. धावायचंही नाही. प्रॉमिस?"

मीरानं मान हलवली. माझी मुलगी आहे पण खोटं बोलताना मान तुझ्यासारखी हलवते.

उत्तर यायला वेळ होता. मला त्या दिवसांबद्दल नीट लिहिता येणार नाही. मी ऑफिसला जायची आणि परचेसच्या ऑर्डरवर चुकीचे कोड टाकायची. मीरा कॉलेजला गेली की दर तासाला 'जेवलीस का' असा मेसेज. एकदा ती वैतागून म्हणाली, "मम्मा, सकाळचे दहा वाजलेत, कोण जेवतं?"

आणि मग एका संध्याकाळी ती वेळेवर आली नाही. फोन उचलेना. मला कळलं ती कुठे असेल. मी रिक्षानं गावाकडच्या मैदानावर गेले. रिक्षातून उतरले आणि भिंतीपलीकडून तिचा आवाज आला. तुला तो आवाज माहीत आहे. जगात कुठेही ओळखशील. कबड्डी कबड्डी कबड्डी कबड्डी, एका दमात, न तुटता. तुझी किती आवडती गोष्ट होती ती. तू तिच्या मॅचला तिच्याबरोबर श्वास रोखून धरायचास आणि लालबुंद व्हायचास.

मी भिंतीशी उभी होते. आवाज चालू होता तोवर ती जिवंत होती. मला दुसरं काही सुचत नव्हतं. आत धावत जावं, ओरडावं, की तिला दचकवणं आणखी वाईट? कबड्डी कबड्डी कबड्डी. आणि आवाज मध्येच तुटला.

पुढे काहीच ऐकू आलं नाही.

मी गेटकडे कशी पळाले मला माहीत नाही. एक चप्पल तिथेच राहिली. आत मॅटवर पोरींचा ढीग होता आणि त्याखाली कुणीतरी दिसत होतं, हात पसरलेला. मी तिचं नाव घेतलं की नाही तेही आठवत नाही. मग ढीग हलला, एकेक पोरगी उठली, आणि सगळ्यांत खाली मीरा होती, तोंडात माती गेल्यासारखी थुंकत, हसत. "अरे यार, पाय सोड ना!"

पकडलं होतं तिला. नुसतं पकडलं होतं.

मी मॅटच्या कडेला खाली बसले. तिनं मला बघितलं आणि तिचं हसू गेलं. ती लंगडत माझ्याजवळ आली, माझा अनवाणी पाय बघितला, आणि गुडघ्यांचे पॅड काढायला लागली. आधी एक, मग दुसरा. ते तिनं मैत्रिणीच्या हातात दिले. "ठेव तुझ्याकडे," म्हणाली. मग मला हात देऊन उठवलं. "चल मम्मा."

रिक्षात ती म्हणाली, "मला बघायचं होतं, मी पडते का."

ती सतरा वर्षांची आहे, सांद्रो.

निकाल डॉक्टरीणबाईंनी समोर बसवून सांगितला. लिदियाच्या रक्तात जो दोष आहे, नेमका तोच मीराच्या रक्तात आहे. इतका दुर्मिळ की योगायोग म्हणायला जागा नाही. म्हणजे तुझ्यातही होता, तुझ्या वडिलांतही, आणि त्या आश्रमातल्या पोरातही. शिडी सरकली नव्हती.

मीरानं विचारलं, "म्हणजे पापा त्यांचेच होते?"

बाई म्हणाल्या, "हो. एकाच घरातले."

तुझ्या प्रश्नाचं उत्तर असं मिळालं. तू टाकलेल्याचा नातू नव्हतास. हे तुला सांगायला मी काय दिलं असतं, आणि हे खरं नसावं म्हणून काय दिलं असतं, दोन्ही मला एकाच वेळी वाटत होतं. आपल्या भांडणात तू बरोबर निघालास. आणि तू तसा हट्टानं रात्रंदिवस त्या थोड्याशा दिओलाइतींच्या मागे लागला नसतास, तर तुझा अटॅक हा अटॅकच राहिला असता आणि मीरा आज मैदानावर असती. पुढचं मी लिहीत नाही. मी ज्याला तुझं वेड म्हणत होते, त्यानं माझी पोरगी वाचली. हे तुला समोर बसवून म्हणायचं होतं. तू किती मिजास केली असतीस.

गायकवाड आला होता गेल्या महिन्यात. तळोज्याचा तुझा जोडीदार, ज्याला तू मशीनचं सगळं शिकवलंस. चहा घेतला, कप खाली ठेवला, पुन्हा उचलला. मग म्हणाला, "वहिनी, एक सांगायचं होतं. सर आधी एकदा पडले होते. मशीनजवळच. मी पाणी मारलं, लगेच उठले. मला म्हणाले, घरी बोलायचं नाही."

मी विचारलं, कधी?

त्यानं सांगितलं तेव्हा मी मनात जुळवलं. लिदियाच्या फोननंतरची गोष्ट होती. म्हणजे तुला माहीत होतं.

"अजून काय म्हणाले?"

गायकवाडनं मान खाली घातली. "म्हणाले, तपासलं तर खरं होईल. नाही तपासलं तर अजून नाव नुसतं नाव आहे."

तो गेल्यावर मी तुझ्यावर आधी खूप चिडले. तुझे शर्ट कपाटातून काढून पलंगावर फेकले. मग त्यातच बसून राहिले. इतके दिवस मी समजत होते की तू बेफिकीर आहेस. आणि तू बाथरूमच्या आतून 'जिवंत आहे' म्हणून हसत होतास तेव्हा तुझीही छाती माझ्यासारखीच धडधडत होती. एकदा म्हणायचंस रे. मी तुला रागावले नसते. मी तुझा हात धरून नेलं असतं. नाहीतर नुसता धरून बसले असते.

मीराच्या छातीत यंत्र बसवलं. डाव्या खांद्याखाली, कातडीच्या आत, काडेपेटीएवढं. ठोके बिघडले तर आतून झटका देऊन ते ठिकाणावर आणतं. कबड्डी बंद. कायमची. ऑपरेशनच्या आधी आईनं तिच्या कपाळाला अंगारा लावला आणि मला बाजूला घेऊन म्हणाली, "चंद्रूचा आडनाव काय होता गं? देवाला सांगाया पायजे ना नीट, कोनाची पोर हाय ती." मी दि-ओ-ला-इ-ती असं फोड करून सांगितलं. आई कितीतरी वेळ ते पुटपुटत बसली होती. ऑपरेशन होईपर्यंत तिला ते पाठ झालं होतं.

घरी आल्यावर मीरा आरशासमोर जायची नाही. टी-शर्टचा गळा वर ओढून बसायची. मैत्रिणी आल्या तर झोपल्याचं सोंग. माझ्याशी नीट बोलायची, अगदी शहाण्यासारखी, आणि मला त्या शहाणपणाची जास्त भीती वाटायची. आपल्या घरात आता दुसरं कुणीतरी गप्प राहायला लागलं होतं.

काल दुपारी लिदियाचा कॉल आला. मी स्वयंपाकघरात होते. मीरानं फोन उचलला आणि दार लोटून घेतलं, पण लागलं नव्हतं. मी दाराशी उभी राहिले. तू मीराला शिकवलेलं इटालियन आता मलाही कळतं. आधी नुसतं औषधांचं, खाण्याचं. मग लिदिया म्हणाली, "दाखव."

मीरा म्हणाली, "नको."

लिदियानं चष्मा काढून ठेवला. मग आपल्या स्वेटरचा गळा बाजूला सारला. फटीतून मला मोबाईलचा पडदा दिसत होता. म्हातारी सुरकुतलेली कातडी, त्याखाली छोटा उंचवटा, आणि त्यावरून गेलेला पांढरा व्रण. त्याच जागी. "हे बघ, माझा किती जुना झालाय," ती म्हणाली. "पहिल्या वर्षी मी समुद्रावर गेले नाही. मग गेले."

मीरा बघत राहिली. मग तिनं हळूच आपल्या टी-शर्टचा गळा खाली ओढला आणि मोबाईल जवळ धरला. तिकडे बोलोन्याजवळच्या डोंगरात एक दिओलाइती आणि इकडे घणसोलीत एक. तुझ्या सगळ्या आयुष्यात तुला हवं होतं ते माझ्यासमोर घडत होतं, आणि तू नव्हतास.

लिदिया म्हणाली, "छान टाके घातलेत. माझ्यापेक्षा छान." मग तिनं विचारलं, "भीती वाटते?"

मला वाटलं, मीरा नाही म्हणेल. तुझ्यासारखी. माझ्यासारखी.

ती म्हणाली, "वाटते. रोज."

"मलाही," लिदिया म्हणाली. "अजूनही, रोज."

आणि दोघी एकमेकींकडे बघून हसल्या. मीरा हसली, सांद्रो. तू गेल्यापासून पहिल्यांदा, खरंखुरं.

मी हात पुसले, दार ढकललं आणि आत गेले. मीरानं गळा झाकला नाही. मी तिच्या शेजारी, पडद्यात माझाही चेहरा दिसेल अशी बसले आणि म्हणाले, "मलाही."